पुलापाशी चुकलेला सोनाटा

विजू, तुझा फ्लेक्स पाहून मला शिसारी आली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी मी बदलापूरहून आले, अंबरनाथच्या तुझ्या बिल्डिंगच्या गेटातून आत शिरले, आणि समोर तू. आपल्या पियानो क्लासच्या खिडकीच्या ग्रिलला चारही कोपऱ्यांनी सुतळीने बांधलेली. फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून काढलेला. शेजारी उभ्या असलेल्या बाईचा हिरवा पदर तुझ्या खांद्यावर तसाच राहून गेलेला. चेहरा इतका गोरा केला होता की तू पाहिला असतास तर "ही कोण बया?" असं विचारलं असतंस. मागे निळं आभाळ, खाली कमळं. आणि मधोमध लाल अक्षरांत ‘कालकथित सौ. विजया’ आणि त्यापुढे तुझ्या त्या नवऱ्याचं आडनाव. भालेराव.

त्याचं घर तू एक बॅग घेऊन सोडलंस त्याला आता जन्म लोटला. त्याचं आडनाव तू रेशनकार्डावरून काढलंस, लाइट बिलावरून काढलंस. कोर्टात मात्र गेली नाहीस. "त्याच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला मला वेळ नाही," म्हणायचीस, आणि त्याच आळसाचा त्याने आता फायदा घेतला. क्लासच्या पाटीवर तू स्वतः ब्रशने ‘विजया रोकडे’ रंगवलंस. त्यातला ‘क’ वाकडा आला म्हणून मी हसले तर म्हणालीस, "वाकडा असू दे, माझा आहे." ती पाटी आता फ्लेक्सच्या मागे झाकली गेली होती. आणि फ्लेक्सवर खाली ‘शोकाकुल’ म्हणून पहिलं नाव त्याचं. माझं नाव नव्हतं, ते नसल्याचं मला काही वाटलं नाही. त्या यादीत बसायची माझी इच्छाच नव्हती.

तुझा भाऊ अनिल चामटोलीहून लवकर येऊन मांडवात खुर्च्या लावत होता. मी त्याला गाठलं.

"अनिल, हे काय छापलंय?"

"भावजींनीच करून आनला, ताई. मी आलो तवा बांधून झालता."

"मग सोड. सुतळीच आहे."

"आता चार लोक यायला लागल्यात. कशाला तमाशा? ती काय वाचायला येनार हाय का?"

त्याने हे अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. वाईट माणूस नाही तो, तुलाही माहीत आहे. तुझ्या आजारपणात रोज डबा घेऊन यायचा. पण चार लोकांपुढे तो मेणाहून मऊ होतो. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, आणि समोर भंतेजींसाठी पांढरी चादर अंथरणं चाललं होतं.

आता तूच सांग, विजू. दुसरीचं काय जातं?

हे तुझंच वाक्य. या एका वाक्यावरून आपण म्हाताऱ्या होईपर्यंत भांडलो. लोक जागेवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आपण दोघी कधीच्या मेलेल्या एका युरोपातल्या माणसाने लिहिलेल्या पियानोच्या सोनाटाच्या पहिल्या भागावरून भांडलो. तेही त्याच्या शेवटच्या पानावरून.

मला तुझं ते शिकवणं जसंच्या तसं आठवतं. उल्हासनगर कॅम्प पाचची रुचिका, दोन वेण्या, फ्रॉकच्या खिशात चिंचेच्या गोळ्या. पियानोच्या स्टुलावर बसली की तिचे पाय लोंबकळायचे. तू तिच्या शेजारी बसून म्हणालीस, "देख रुचिका, सोनाटा में दो जन होते हैं. पहिली और दुसरी. पहिली अपने घर में रहती है. उसका सा ये." आणि जी हा सूर दाबलास. "फिर आता है पूल. पूल पार किया, कि उधर दुसरी. दुसरी का मिजाज अलग, घर अलग. पहिली का जो पंचम है ना, वो इसका सा."

"फिर?"

"फिर भटकंती. दोनों रास्ते पे. कहीं पे टिकते ही नहीं, किसी का सा पक्का नहीं. फिर एकदम से पहिली वापस, अपने घर में. फिर वही पूल. अब ध्यान दे. पूल दिखता सेम टू सेम है, पर इस बार उस पार नहीं ले जाता. घुमा के इधर ही छोड़ता है. तो दुसरी अब किधर आएगी?"

"पहिली के घर?"

"शाबास."

"फिर टीचर, उसका खुद का घर?"

तू हसायला लागलीस. मी मागे खुर्चीत बसून पुढच्या मुलाच्या वहीत बोटांचे आकडे लिहीत होते. माझ्याकडे वळून म्हणालीस, "घे. ही तुझ्यावर गेलीये, नीलू."

माझ्यावरच गेली होती. कारण मला त्या शेवटच्या पानाचा पहिल्यापासून तिटकारा आहे. आधी मजेत दुसरीला तिचं स्वतःचं घर द्यायचं, तिथे तिला मोकळं गाऊ द्यायचं, लोकांना ती पहिलीपेक्षा जास्त आवडू द्यायची. आणि मग सगळं आटपायची वेळ आली की तिला ओढून पहिलीच्या सा वर बसवायचं, आणि याला म्हणायचं समतोल. याला म्हणायचं रचनेचं सौंदर्य. पुस्तकांतून हे वाचलं की मला घाण वाटायची. मी म्हणायचे, सोनाटा लिहिणारे सगळे पुरुष, आणि त्यांना एकच शेवट माहीत होता. बाई घरी आली, दार लावून घ्या.

तू शांतपणे चहात साखर ढवळत असायचीस. "दुसरीचं काय जातं गं? चाल तीच, लय तीच, लहर तीच. फक्त सा बदलला."

"सा बदलला म्हणजे राहिलं काय?"

"तू डोकं बाजूला ठेवून ऐक ना एकदा. ती पाच सुरांनी खाली उतरते. खाली आल्यावर तिचा आवाज बघ कसा होतो."

"दबलेला होतो."

"दबलेला नाही, मोठा होतो. वयाने मोठा."

आणि इथे तू उठून पुढच्या मुलाला आत बोलवायचीस. भांडण अर्ध्यात टाकून जाण्यात तुझा हात कुणी धरू शकलं नसतं. मी आतल्या आत धुमसत बसायचे.

तू हे बोलायचीस म्हणून मला जास्त राग यायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तू? नवऱ्याच्या घरी पियानो नव्हता, तेव्हा जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायचीस. "ही टिकटिक बंद कर," म्हणून त्याने तुझ्या हातांवर पाण्याचा तांब्या आपटला, त्या हातांनी तू परतण्याची बाजू घ्यायचीस. आणि लहानपणी माझ्या आईने तुझ्यासाठी कप वेगळा ठेवला होता. फडताळाच्या खालच्या खणात, दांडी मोडलेला. तो तुला माहीत होता. तू शहाण्यासारखी आमच्याकडे चहाच घ्यायची बंद झालीस, आणि आपण दोघी पियानो शिकवणाऱ्या मिसच्या ओट्यावर भेटायला लागलो. इतक्या घरांनी तुला इतक्या वेळा तुझी जागा दाखवली, आणि तरी तू त्या शेवटच्या पानावर येऊन तृप्त व्हायचीस. मला ते कधी कळलं नाही. थेट विचारायची जीभ झाली नाही, म्हणून सोनाटातून विचारत राहिले.

आपला पियानो आठवतो ना, कसा आला? कॅम्पातल्या फर्निचरच्या दुकानात, सोफ्यांच्या मागे, सोफ्यांच्याच रंगाचं पॉलिश मारून उभा केलेला. त्या सिंधी शेठने झाकणावर हात फिरवत सांगितलं, "एकदम शोपीस है, बहनजी. ऊपर टीवी रखो, फूलदान रखो."

तू विचारलंस, "बजता है क्या?"

तो गोंधळला. "बजाना भी है?"

त्या रात्रीपर्यंत आपल्याला हसू आवरत नव्हतं. मग ट्यूनर आला आणि म्हणाला, तारा जुन्या आहेत, मूळ सुरापर्यंत ताणल्या तर तुटतील, अख्खा पियानो अर्धा सूर खालीच ठेवावा लागेल. माझा चेहरा पडला. तू म्हणालीस, "सगळेच खाली असले की कुणीच खाली नसतं." ट्यूनरला ते कळलं नाही, मला कळलं. असल्या वेळी मला तू फार आवडायचीस. हे तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तू त्यावरून महिनाभर चिडवलं असतंस.

आणि तो पूल. आपल्या क्लासमध्ये एक चूक सगळ्यांकडून व्हायची, आणि ती फक्त सोनाटा पाठ वाजवणाऱ्यांकडूनच होते. शेवटच्या पानावर पहिली परत येते, मग पूल येतो. पुलाचे पहिले चार तुकडे अगदी सुरुवातीसारखे. हाताला जुनी सवय. मन जरा इकडेतिकडे झालं की हात जुन्या वळणाने निघून जातात, आणि दुसरी पुन्हा तिच्या स्वतःच्या घरी गायला लागते. वाजवणाऱ्याला कळतही नाही. कानाला सगळं गोड लागतं. पण आता शेवट करता येत नाही. तिथून पुढे भटकंतीच, मग परत पहिली, परत पूल. लक्ष देऊन नीट वळेपर्यंत माणूस गोल गोल फिरत राहतो. क्लासमधल्या मुली याला "रिंग रोड" म्हणायच्या.

तू तेव्हा स्वयंपाकघरात असायचीस. भांडी घासत असलीस, फोडणी देत असलीस, तरी पुलावर कुणी चुकलं की आतून आवाज यायचा, "चुकलीस! परत!" मुलगा वाजवत असला तरी "चुकलीस"च. नळ चालू असताना तुला ते कसं ऐकू यायचं हे मला आजही समजलेलं नाही. मुली तुझी नक्कल करायच्या. रुचिका तर हुबेहूब. तू बाजारात गेलेली असलीस की ती आत जाऊन तुझ्या आवाजात ओरडायची आणि वाजवणाऱ्याचे हात जागच्या जागी थांबायचे.

आपण क्लासमधून निवृत्त व्हायच्या गोष्टी करायला लागलो तेव्हा तू एकदा म्हणालीस, "आता बदलापूरचा फ्लॅट ठेवून काय करतेस? ये इकडेच. आतल्या खोलीत दोन पलंग मावतात."

मी म्हटलं, "मी कुणाच्या सा वर राहायला येणार नाही."

तू हसलीस. पण नेहमीसारखं उठून गेली नाहीस. म्हणालीस, "तू एक विसरतेस. भटकंतीत पहिलीचंही घर गेलेलं असतं. ती काही घरात बसून दुसरीची वाट बघत नसते. दोघी मिळून परत येतात."

मी म्हटलं, "पुस्तकात असं कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात नाही लिहिलेलं," तू म्हणालीस, आणि कुकरची शिट्टी झाली.

मी आले नाही राहायला. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो, तुझ्या खिडकीतून नाला. मी तुझ्याइतकी सकाळी उठत नाही. तुझ्या कांद्याच्या फोडण्या मला सोसल्या नसत्या. दोन दिवसांत भांडलो असतो. एवढं सगळं खरं आहे, आणि तरी ते दोन पलंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मग हॉस्पिटल. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिथला वास, ती हिरवी चादर, तुला "आजी" म्हणणारी ती नर्स, जिला तू दोनदा बजावलंस की मी कुणाची आजी नाही. सगळ्याचीच किळस येते. फक्त एक. तुझी बोटं चादरीवर हलत होती. मी हात धरायला गेले तर तू झटकून टाकलास आणि म्हणालीस, "थांब, पूल चाललाय."

पूल झाल्यावर म्हणालीस, "पुण्यानुमोदनाला वाजवशील?"

"काहीतरी बोलू नकोस."

"वाजव. आपला. पूर्ण. रिपीटसकट. नाहीतर त्या लोकांची भाषणं ऐकावी लागतील सगळ्यांना."

रिपीटसकट. परीक्षेच्या मंडळाने रिपीट वाजवायला बंदी केल्यापासून तू त्यांच्या नावाने बोटं मोडत होतीस. "पहिला अर्धा भाग दोनदा ऐकल्याशिवाय घर कुठलं ते कळणार कसं? आणि घर कळलं नाही तर परतल्याचं काय कौतुक?" मरणाच्या दारातही तुला परीक्षेचं मंडळ आठवलं. मी हो म्हटलं. तुला वाटलं असेल, ही शेवटच्या पानाची कटकट न करता वाजवेल. माझ्या मनातही तेव्हा तसंच होतं. तो फ्लेक्स दिसेपर्यंत.

भाषणं झालीच, विजू. त्रिसरण-पंचशील झालं, तेवढा वेळ बरं वाटलं. भंतेजींचा आवाज चांगला होता, तुला आवडला असता. मग माइक त्या माणसाकडे गेला. पांढरा कडक शर्ट, केस काळेभोर रंगवलेले, पहिल्या रांगेत मधली खुर्ची. म्हणाला, "विजया ही अत्यंत सुस्वभावी गृहिणी होती. आमच्या संसारात कधी भांडण म्हणून झालं नाही." खरंच आहे. भांडायला तू तिथे होतीस कुठे? मग म्हणाला, "तिला पेटीची फार आवड." पेटी! मांडवातल्या आपल्या जुन्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्याने खिशातून रुमाल काढला. डोळे कोरडे होते, रुमालही कोरडाच राहिला. लोक माना डोलवत होते. ज्या शेजारणीने तू पहिल्यांदा इथे एकटी राहायला आलीस तेव्हा सोसायटीत सह्या गोळा केल्या होत्या, ती सुद्धा डोलवत होती. इतका गिळगिळीत अर्धा तास मी आयुष्यात काढलेला नाही.

त्याचा पुतण्या सूत्रसंचालन करत होता. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं काहीतरी शांत म्युझिक वाजवा ना. मग जेवण आहे."

मी म्हटलं, "हो."

आत आले. पियानो आत, मांडव बाहेर, मध्ये खिडकी. रुचिकाने पियानोच्या डोक्यावर माइक ठेवला. आता ती आपल्या दोन बॅच सांभाळते, तिची स्वतःची मुलगी फ्रॉकमधून बाहेर पडली, पण मला ती अजून चिंचेच्या गोळ्यांचीच वाटते. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "मॅम, मी आत भंतेजींच्या चहाचं बघते. तुम्ही वाजवा." आणि स्वयंपाकघरात गेली.

फ्लेक्सची मागची बाजू माझ्या समोर होती. बाहेरचं ऊन त्यातून आत झिरपत होतं, आणि तू उलटी दिसत होतीस, फिकी. गोरेपणा पुसलेला. नाव उलटं, त्यामुळे वाचता येत नव्हतं. तेवढंच त्यातल्या त्यात बरं होतं.

मी वाजवायला घेतलं. पहिली. पूल. दुसरी. तुझा लाडका जी आपल्या पियानोवर अर्धा सूर खाली, पण कुणाचं काय अडतं? पहिला अर्धा भाग संपला तसा माइकवर आवाज आला, "धन्यवाद मॅडम!" आणि टाळ्या सुद्धा पडल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मांडवातून कुणीतरी म्हणालं, "परत तेच?" खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी हळू केलं नाही, गाळलं नाही. रिपीटसकट म्हटलं होतंस, रिपीटसकट वाजवलं. मग भटकंती. त्या माणसाच्या फोनची रिंग वाजली, तो "हां बोला" करत गेटाकडे गेला, तेही ऐकू आलं.

मग पहिली परत आली. आणि मग पूल.

मी चुकले नाही, विजू. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी जाणूनबुजून जुन्या वळणाने गेले. समोर उलटा फ्लेक्स होता, पलीकडे ते आडनाव होतं, आणि मी मनात म्हटलं, आज नाही. आज दुसरी कुणाच्या घरी जाणार नाही. तुला भालेराव करून बसवलं त्यांनी, निदान हिला मी नेऊ देणार नाही. आणि दुसरी तिच्या स्वतःच्या घरी, वरच्या सुरांत, मोकळी गायला लागली. मांडवात कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? मला वाटलं, जिंकले. शेवट होणार नाही, नको होऊ दे. इथेच हात उचलेन आणि उठेन. एवढ्या वर्षांचं भांडण, आणि तुला उत्तर देता येणार नाही.

हे मनात आलं आणि पुढचे सूर दिसेनात.

तेवढ्यात मागून, स्वयंपाकघरातून, नळाच्या आवाजावर आवाज चढवून कुणीतरी ओरडलं, "चुकलीस! परत!"

माझे हात थांबले. जागच्या जागी.

रुचिका होती. चहा गाळता गाळता, सवयीने. तिच्याही लक्षात आलं असावं की आपण कुणाला ओरडलो, कारण आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि नळ बंद झाला. माइक चालू होता. अख्ख्या मांडवाने ऐकलं. बाहेर आपल्या जुन्या मुलींपैकी एक हुंदका देऊन हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. हसत होत्या की रडत होत्या कोण जाणे. बाकीच्या लोकांना काय झालं ते कळेना. सूत्रसंचालनाला बसलेला पुतण्या म्हणाला, "शांतता ठेवा, प्लीज." कुणी ठेवली नाही.

मला रुचिकाचा संताप आला. आत जाऊन तिच्या थोबाडीत मारावी इतका. आणि तिला घट्ट धरावं असंही वाटलं. माझा एवढा मोठा निषेध एका चहाच्या गाळणीने उधळला. पण माझे हात तुझं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. ते आपोआप मागे गेले, पुलाच्या सुरुवातीला.

या वेळी मी लक्ष देऊन वळले. दुसरी खाली उतरली. डोकं बाजूला ठेवून ऐक म्हणायचीस. डोकं तसंही जाग्यावर नव्हतं. ऐकली. आवाज दबलेला नव्हता. जाडा होता, थोडा घोगरा, सकाळी पहिला चहा व्हायच्या आधी तुझा असायचा तसा. मग सोनाटाचं शेवटचं शेपूट वाजवलं आणि झाकण लावलं.

बाहेर जेवणाच्या पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. रुचिका दारात येऊन उभी राहिली. ओढणीला हात पुसत म्हणाली, "सॉरी मॅम. मुंह से निकल गया."

मी म्हटलं, "बरोबर होतं."

तुझ्या भावाने संध्याकाळी फ्लेक्स सोडला. काय केलं त्याचं विचारलं नाही. पाटी आहे तिथेच आहे, ‘क’ वाकडा. मी आजची रात्र इथेच राहणार आहे. आतल्या खोलीत एकच पलंग आहे, तो मला पुरतो.

मला पटलेलं नाही, विजू. तुझं शेवटचं पान मला आजही पटलेलं नाही, आणि तू समोर असतीस तर आत्ता, या क्षणी, मी पुन्हा भांडले असते. पण तू म्हणालीस तसं वाजवलं. पूर्ण, रिपीटसकट.